राखून ठेवलेला निकाल

आमच्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझ्या वडिलांची चाल बघून.

कारंज्याच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा वडील मला पोचवायला सांगलीहून आले होते. कारंजा म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, घाडग्यांचं. दुसरंही एक कारंजा आहे आणि आमची एक ट्रंक आधी तिकडे जाऊन आली, पण तो विषय वेगळा. हायवे सोडून आत तिसऱ्या गल्लीत हे घर. मालक ओट्यावर उभे होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. वडिलांना म्हणाले, "जरा त्या निंबापर्यंत जाऊन या."

वडील भिडस्त. ते गेले आणि परत आले.

"उजव्या खुरात जोर कमी टाकून राह्यले तुमी," मालक म्हणाले. "गुडघा दाखवा कोनाले तरी. खोली घ्या."

वडिलांचा गुडघा वर्षभर दुखत होता आणि त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. मला मात्र त्या 'खुरात'चा भयंकर राग आला. तिथं मी पुढे तीन वर्षं राहिले आणि तोपर्यंत मला स्वतःलाही खूर असल्यासारखं वाटू लागलं होतं.

ते निवृत्त पशुधन पर्यवेक्षक होते. म्हणजे जनावरांचे मोठे डॉक्टर तालुक्याला बसत आणि हे सायकलीवर, नंतर मोटरसायकलवर गावोगाव फिरून लसी टोचत, जखमा बांधत, अडलेल्या गायी सोडवत. लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. मी काका म्हणे. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली तरी अंगात खाकी शर्ट आणि खिशात जनावरांचा थर्मामीटर असे. माणसाचा ताप त्यांनी कधी मोजला नाही. "मानूस बोलून सांगते," ते म्हणत. "त्याले कायले यंत्र?" पण माणसाच्या दुखण्याचा त्यांचा अंदाज सगळा गोठ्यातूनच येई. नागपूरहून मुलीचा फोन आला, नातवाला बरं नाही म्हणाली, की यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "खाऊन राह्यला ना? मंग काऊन घाबरतं?" मी एकदा सर्दीनं दोन दिवस रजा टाकली तर सकाळी दारावर टकटक करून त्यांनी विचारलं, "बाई, रवंथ चालू हाय ना?"

त्यांचा खरा मान होता तो पंच म्हणून. तालुक्यातल्या जनावरांच्या प्रदर्शनात तीस वर्षं त्यांनी गवळाऊ बैल पारखले होते. गवळाऊ ही त्या भागाची जात: पांढरी, सडपातळ, लांबट तोंडाची, चालायला चपळ. त्यांच्यासमोर कितीही सजवलेला बैल आणा, ते आधी त्याच्या मागे जाऊन उभे राहत. मग म्हणत, "उभं जनावर सगळंच देखनं. चालवून दाखवा." आणि बैल चालू लागला की बैलाकडे कमी, धरणाऱ्याकडे जास्त बघत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्यानं राखला त्याले समदं ठाऊक राह्यते. बैल कुठं लपवून राह्यला ते धरनाऱ्याच्या तोंडावर दिसते." या पंचगिरीमुळेच तान्ह्या पोळ्याचे पंचही तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे लहान पोरं लाकडी बैल सजवून आणतात, घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागतात आणि मैदानात सजावटीचे नंबर निघतात. काका त्या लाकडी बैलांच्याही मागे जाऊन उभे राहत.

आता त्यांच्या डोळ्यांचं सांगायला हवं.

माझ्या तिसऱ्या वर्षी त्यांना नीट दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते कुणाला कळू द्यायचं नाही असा त्यांचा बाणा होता, आणि पायांच्या आवाजावरून ते माणसं इतकी अचूक ओळखत की निम्म्या गल्लीला खरंच कळलं नव्हतं. मला कळलं, कारण शेजारच्यांच्या दारात पडलेल्या सिमेंटच्या पांढऱ्या गोणीला वासरू समजून ते एका सकाळी पाच मिनिटं शेजाऱ्यांवर रागावले. ते उन्हात मोकळं सोडतात म्हणून. शेजारी घरात नव्हते हे आमचं नशीब.

मुलगी मला फोन करून रडकुंडीला येई. वर्ध्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की उजवा डोळा फार दिवस थांबणार नाही, उशीर केलात तर शस्त्रक्रियेनंही नजर येईल याची खात्री नाही. मी विषय काढला की काका म्हणत, "पिकू द्या." जुन्या माणसांची ती समजूत असते, मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय काढू नये. पण हा माणूस आयुष्यभर औषधं आणि सुयांमध्ये वावरलेला. त्यांना खरं ठाऊक नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही. ते घाबरत होते, आणि कशाला घाबरत होते ते सांगत नव्हते. मी वैतागून दोन दिवस बोलणं सोडलं, तर त्यांनी माझं खाणं नीट आहे का याची चौकशी शेजारणीकडे केली.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी उत्सव समितीची तीन माणसं आमच्या ओट्यावर आली. समितीचा अध्यक्ष म्हणजे हायवेवरच्या मोबाईल दुकानाचा मालक, तिशीतला, उत्साही गडी.

"काका, यंदा लाकडी बैलांसंगं मोठ्या मानसांसाठी बी स्पर्धा ठेवून राह्यलो. एआयची चित्रं. विषय, आपला बैल."

"कोनाची चित्रं?"

"मोबाईलले सांगाचं, आमचा बैल असा असा हाय. तो चित्र काढून देते."

"मंग बक्षीस मोबाईलले द्या. पंच बी त्यालेच ठेवा."

तिघं हिरमुसले. ते उठू लागले तसं काकांनी विचारलं, "सांगते कोन त्याले?"

"आपनच."

"आन् त्यानं चुकीचं काढलं तं?"

"पुन्हा सांगाचं."

"असं म्हन ना मंग! मी सांगन्याचा पंच होतो. बैलापुढं झडत्यांची गानी कशी म्हनतात पोयाले, चारचौघांत, मोठ्यानं? तसं ज्यानं त्यानं चित्राजवळ उभं राहून म्हनाचं, मी याले काय सांगतलं, यानं काय केलं, कितींदा वापस पाठवलं. चित्र तं कोनाचंबी देखनं येईन."

समितीला अट भलतीच आवडली. अशी स्पर्धा नागपुरातही झाली नसेल, असं म्हणत ते गेले. मी आतून ऐकत होते. ते गेल्यावर काका माझ्या दिशेनं वळून म्हणाले, "बाई, तुमी माह्या बाजूले बसजा. पानी द्याले." पाणी द्यायला नव्हे, कानात सांगायला. मी हो म्हटलं. ती लबाडी होती हे मला तेव्हाही कळत होतं.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी आमच्या शाळेचा हॉल भरून गेला. चाळीसेक चित्रं आली होती, ती एकेक करून पडद्यावर दाखवायची. पहिली दहा-बारा चित्रं बघून मी थक्क झाले. काय ते रंग, काय ती शिंगांवरची झळाळी! पण बैल सगळे एकाच आईचे. थोराड, करडे, डोंगराएवढ्या वशिंडाचे. अंगावर आरशांच्या झुली, मागे वाळवंट. गवळाऊ एकही नाही.

मी कानात सांगे आणि काका मोठ्यानं विचारत.

"तुह्या बैलाले पाचवा पाय कोनत्या कामाचा?"

हॉल खदखदून हसला. ज्याचं चित्र होतं तो पडद्याजवळ जाऊन पाय मोजू लागला. त्यानं ते आठ दिवसांत मोजले नव्हते. आमच्या शाळेतल्या एका लिपिकानं इंग्रजीत कुठूनतरी उतरवलेलं सांगणं वाचून दाखवलं. काका म्हणाले, "त्यातला मॅजेस्टिक म्हंजे कसा?" "म्हंजे मोठा, काका." "किती मोठा? तुह्या खांद्याले लागते का छातीले?" लिपिकाला सांगता येईना. त्याच्या घरी बैलच नव्हता. मग एक ढाबेवाला उठला. त्याचं चित्र ओबडधोबड होतं, पण त्यानं सांगितलं की बैल पाणी पिताना आधी नाकानं पाणी ढकलतो, ते आपण यंत्राला सांगितलं आणि त्याला ते सातव्या खेपेला जमलं. काका पुढे सरकून ऐकू लागले. ढाब्याच्या आधी त्याच्या घरी कोणता बैल होता, कोणाकडून आणला, कुठं गेला, सगळं निघालं. मला तोवर ही स्पर्धा म्हणजे पोरखेळ वाटत होता. तिथून मात्र मी नीट ऐकू लागले.

विसाव्या-एकविसाव्या चित्राला आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी उभ्या राहिल्या. त्या गोंड घरातल्या, जंगलाच्या अंगाला त्यांचं गाव, रोज सकाळी काळीपिवळी जीपनं येत. त्यांचं चित्र माझ्याच मोबाईलवर मधल्या सुट्टीत झालेलं. त्या बोलत आणि मोबाईल टिपून घेई. पडद्यावर बैल आला आणि लोक माना उंचावून बघू लागले, कारण तो खरोखर तिथलाच, गवळाऊ बैल होता. पांढरा, सडपातळ, आखूड शिंगांचा. मागे पळसाची झाडं.

मावशी पदर सारखा करून बोलू लागल्या.

"पयले आमच्या बोलीत सांगतलं तं त्यानं समुद्र काढला." लोक हसले. त्याही हसल्या. "मंग मराठीत सांगतलं. म्या म्हनलं, लय मोठा नको करू, आमचा हलका होता. उजवा कान फाटेल होता. पोटाखालची कातडी सैल, चाले तवा हाले. हे समदं त्यानं आयकलं. पन एक नाई आयकलं. चारदा म्हनलं, बाबा, त्याच्या डाव्या डोयात फूल हाय, डोया पांढरा कर. चारीखेप त्यानं डोया चांगलाच करून देल्ला. त्याले वाटलं असंन का बाईले बरं वाटन."

डोळ्यात फूल पडणं म्हणजे बुबुळावर पांढरा पडदा येणं. मी काकांच्या कानात सांगायला वाकले, की खरंच चित्रात दोन्ही डोळे धड आहेत. पण ते माझं ऐकत नव्हते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"बैल कोनत्या गावचा?" त्यांनी विचारलं.

मावशींनी गाव सांगितलं. मग म्हणाल्या, "साहेब, त्याच्या डोयातला काटा तुमीच काढला होता. म्हनून तं म्या भाग घेतला. तुमी त्याच्या बादमंदी आमच्या गावाले आलेच नाई."

काका उभे राहिले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"मंग? इकला त्याले?"

"काऊन इकन? चांगला अकरा वरसं चालला."

"एका डोयानं?"

"त्याले उजव्या अंगानं जुंपाचो. डावीकडं जोडीदार. डावीकडचं जोडीदार पाहे, हा आपला चाले. कधी बांध चुकला नाई. आपल्या गोठ्यात, आपल्या दावनीले मेला साहेब, म्हातारा होऊन."

मग पंचांनी बोलावं तसं ते खणखणीत बोलले. "या जनावराले म्या हात लावला होता. ज्याले हात लावला त्याचा पंच होता येत नाई. या चित्राचा निकाल राखून ठेवतो." अध्यक्ष पुढे येऊन म्हणाला, काका, चालते, हे काय जनावर थोडीच आहे. काकांनी त्याला हातानं थांबवलं. "आन् दुसरं आयका. मले दिसत नाई. आतापर्यंतचं समदं बाई कानात सांगून राह्यली होती. मले दिसलं म्हंजे याचा निकाल देईन."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मागून पाच पायांवाला ओरडला, "म्हंजे माहा पाय बाईनं पाह्यला!" आणि सगळा हॉल हसला. काकाही हसले. राहिलेल्या चित्रांच्या वेळी मी सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगत गेले आणि ते प्रश्न विचारत गेले. पहिला नंबर ढाबेवाल्याला मिळाला. कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी आपणहून सांगितलं. बैलाच्या डोळ्यात बाभळीचा काटा गेला होता. नियमानं तालुक्याच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. पेरणीचे दिवस, मावशींच्या माणसाची घाई, आणि यांना आपल्या हाताचा भरवसा. चिमट्यानं काटा काढला. चौथ्या दिवशी गेले तर डोळा पांढरा झालेला. घरच्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्यानंतर यांनी ते गाव दुसऱ्याच्या वाट्याला दिलं आणि पुन्हा त्या रस्त्यानं गेले नाहीत.

"एका डोयाचा बैल कोनी राखत नाई बाई. मले वाटे, गेला असंन कसायाकडं. माह्या हातानं गेला. आन् आता माह्या डोयाले कोनी लोखंड लावन म्हनलं का मले तोच चिमटा दिसते."

तीन वर्षांत मला त्यांचा जो राग आला होता, तो सगळा त्या क्षणी गेला. या माणसाबद्दल मला माया वाटली, आणि मी ती बोलूनही दाखवली. त्यावर त्यांनी दुसरीकडे तोंड करून विचारलं, "वर्ध्याले केवा जाचं?"

मुलगी फोनवर रडली. आधी उजवा डोळा झाला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर यांनी डॉक्टरला विचारलं म्हणे, तुमी आतापर्यंत किती जनावरं केली. पट्टी निघाल्यावर माझ्याकडे बराच वेळ निरखून बघत म्हणाले, "बाई, तुमचे केस पांढरे झाले. मले कोनी सांगतलंच नाई." मी म्हटलं, काका, तुमच्याच घरात झाले.

मग त्यांनी राखून ठेवलेलं चित्र मागितलं. मी मोबाईल हातात दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, खिडकीशी नेला.

"देखना हाय," ते म्हणाले. "पन हा तो नाई. म्या हात नसता लावला तं तो असा दिसला असता."

त्यांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला.

"बाई, हे सांगून पाहाचं मले. याले आपला आवाज समजते?"

मी मोबाईल बोलण्यासाठी उघडून समोर धरला. ते खुर्चीत ताठ बसले आणि प्रदर्शनाच्या मैदानात बोलावं तसं सांगू लागले. मावशींनी सांगितलेलं सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, कान, कातडी, शिंगं. मग डोळ्यावर आले. डावा डोळा. पापण्या धड आहेत, बुबुळ जागेवर आहे, पण बुबुळावर फूल आहे. दुधासारखं पांढरं नाही, भाताच्या पेजेसारखं. मध्ये दाट, कडेला विरळ. बैल त्या डोळ्यानं बघत नाही, म्हणून मान थोडी डावीकडे वळवून चालतो. हा डोळा दुरुस्त करायचा नाही. मग म्हणाले, "हा डोया म्या घालवला."

मोबाईलवर ती अक्षरं उमटली. मी विचारलं, "काका, हे शेवटचं राहू द्यायचं? चित्राला त्याची गरज नाही."

"राहू द्या," ते म्हणाले. "सांगनं पुरं पाह्यजे."

चित्र आलं. एवढं बारकाईनं सांगितल्यामुळे असेल, त्या खेपेला यंत्रानं ऐकलं. बैल मान डावीकडे वळवून उभा होता आणि त्याचा डावा डोळा पेजेसारखा पांढरा होता. काकांनी ते चित्र किती वेळ बघितलं ते मी मोजलं नाही. त्यांच्या नव्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते पुसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून ते पुसत नव्हते.

"पाठवा तिले," ते म्हणाले. "सांगा, पयला नंबर तिचा. म्या तिचं सांगनं उतरवलं फक्त."

मी चित्र मावशींच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवलं. अर्ध्या तासानं त्यांच्या आवाजातला निरोप आला. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. "हो साहेब, हाच. हाच आमचा." आणि शेवटी, "माहा मानूस म्हनते, साहेबाले म्हना, येत जा. आम्ही कधी मनात नाई धरलं."

काकांनी तो निरोप दोनदा ऐकला. मग मोबाईल मला परत दिला, खिशातला थर्मामीटर चाचपून बघितला आणि त्या गावाला जाणारी काळीपिवळी आता किती वाजता सुटते, ते विचारलं.